आमच्या बेर्मेतला युरोपचा रस्ता कोणी कोणी दाखवला

आत-बाशी,
उन्हाळ्याचे शेवटचे दिवस

आदरणीय थोरले बंधू शेरालीबाइके यांस,

धाकट्या भावाचा, जुमाबेकचा, दोन्ही हातांनी सलाम. तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि मुलांचे अभ्यास ठीक असतील असं धरून चालतो. रीतीप्रमाणे आधी गुरांची खुशाली विचारायची आणि मग माणसांची, पण तिकडे जर्मनीत तुमच्याकडे गुरं नाहीत, म्हणून तुम्ही चालवता त्या ट्रामची विचारतो. ट्राम बरी आहे ना? आमच्याकडे घोड्या, मेंढ्या सगळं खुशाल. माणसांचं तेवढं सांगण्यासारखं आहे, म्हणून हे पत्र. फोन का नाही केला असं तुम्ही म्हणाल. मी फोनवर बोलायला लागलो की तुमची भावजय गुलसून मागे उभी राहून दुरुस्त्या सुचवते, आणि माझ्या दोन वाक्यांत तिची पाच घुसतात. कागदावर तिला तोंड घालता येत नाही (पुढं कधीतरी तिला कळेलच, पण तोवर पत्र गेलेलं असेल).

तर आमच्या बेर्मेतनं युरोपात जाऊन दूध शिकायचं ठरवलं. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती दोन वेण्या घालून माझ्या दुधाच्या टँकरमध्ये शेजारच्या सीटवर बसायची आणि घरोघरच्या किटल्यांत नाक खुपसायची. आता बिश्केकला कॉलेज करून आली आहे, नाक तेच आहे. दुधात काय काय जिवंत असतं, ते का नासतं, का टिकतं, याचा म्हणे तिकडे मोठा अभ्यासक्रम असतो. ही बातमी गावात फुटली आणि माझं रस्त्यानं चालणं अवघड झालं. ज्याच्या दारात टँकर थांबवावा तो विचारतो, "काय जुमाबेक, पोरगी दूध काढायला शिकायला चालली म्हणे जर्मनीला? अरे, माझी आई बसलीय की घरात रिकामी. फुकट शिकवेल!" एकानं तर जर्मनीतल्या गाईंना सड किती असतात, हे येताना मोजून यायला सांगितलं. मी हसायचो. दुसरं काय करणार, दूध त्यांच्याचकडून घ्यायचं असतं.

पण बाप म्हटला की हातपाय हलवावे लागतात. युरोपात अर्ज कसा करतात हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मार्गदर्शन घ्यायचं ठरवलं. बेर्मेत म्हणत होती, "बाबा, सगळं त्यांच्या साइटवर लिहिलेलं आहे, मी वाचते आणि भरते." पण जे सगळ्यांना वाचायला ठेवलंय त्यात खरी गोष्ट कोण लिहील? मी तिला टँकरमध्ये घातली आणि नारिनला नेली. तिथं बाजारात, बुटांच्या दुकानाच्या वर, एक मार्गदर्शन केंद्र निघालं आहे. पाटीवर विमान, घड्याळाचा मनोरा आणि हवेत टोप्या फेकणाऱ्या पोरी. केंद्राचा मालक मिर्लान, टोकदार बुटांचा तरुण. बोलताना सारखा खिडकीबाहेर बघतो, युरोप तिथंच बाजाराच्या मागे बांधून ठेवल्यासारखा. तो स्वतः तिकडे कुठपर्यंत गेला आहे, हे मी अदबीनं विचारलं. इस्तंबूलच्या विमानतळावर त्यानं एक रात्र काढली होती. उंटावरचे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत, हा विमानतळाच्या बाकावरचा.

त्यानं 'दूध' हा शब्द ऐकला आणि मान हलवली. "काका, दुधाला तिकडे भविष्य नाही. हॉटेलचं शिकवा. माझ्या ओळखीचं कॉलेज आहे, नाव पाठवलं की घेतात." (घरी आल्यावर गुलसून म्हणाली, "नाव पाठवलं की घेतात, तर ते कॉलेज आहे का सराय?") बेर्मेत हटली नाही. मग त्यानं सांगितलं की अर्जासोबत 'मला हे का शिकायचं आहे' असं एक पत्र लागतं, आणि ते त्याच्याकडे तयारच असतं, फक्त नाव घालायचं. बेर्मेतनं ते तिथंच वाचलं. त्यात ती म्हणत होती की लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर उभी राहून मोठमोठ्या बोटींकडे पाहताना तिच्या मनात ज्ञानाची ओढ निर्माण झाली. बाइके, आपल्या देशातून समुद्राकडे निघालेला माणूस सगळ्या सरहद्दी ओलांडेपर्यंत म्हातारा होईल. तिनं तसं म्हटल्यावर मिर्लान म्हणाला, "हे पत्र गेल्या वर्षी चाललं होतं." कोणाचं, विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांचं." म्हणजे आपल्या नारिनची अख्खी तरुण पिढी लहानपणी त्या किनाऱ्यावर गर्दी करून उभी होती, आणि आम्हा आईबापांना पत्ता नाही. मला पत्र आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. भाषा फार भरदार होती. पण पोरीनं ते घडी करून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि खाली जाऊन टँकरमध्ये बसली.

मग मी टोक्तोसुनआतांकडे गेलो. तुम्हाला आठवतात ना? तरुणपणी फौजेत असताना पूर्व जर्मनीत होते, सगळी नोकरी बटाटे सोलण्यात गेली, तरी आपल्या डोंगराच्या या बाजूला युरोपचे जाणकार म्हणजे तेच. त्यांचं मार्गदर्शन असं: जर्मन माणूस वेळ पाळतो, बटाटा जाड सोललेला त्याला खपत नाही, आणि त्याच्यासमोर पाठ वाकवून उभं राहू नये. हे ऐकून बेर्मेतनं मान डोलावली (तिला तेवढी रीत आहे). पुढं विद्यापीठाला तिला ओळखणाऱ्या दोघांची शिफारसपत्रं हवी होती. एक तिच्या बिश्केकच्या बाईंचं आलं. दुसरं मी आतांकडून घेतलं. ज्याची दाढी पांढरी त्याच्या शब्दापुढं मास्तरांची काय मातब्बरी? आतांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. माणसाची ओळख म्हणजे त्याचे सात बाप, हे त्या जर्मनांना कोणी शिकवलं नसेल म्हणून त्यांनी सातव्या पुरुषापासून सुरुवात केली. कोणी घोडा कसा राखला, कोणी खानाला काय उत्तर दिलं, कोण कुठल्या हिमवादळात गेला. पानं भरली. शेवटच्या ओळीत बेर्मेत आली: "हिचीही तब्येत चांगली आहे." मध्येच एके ठिकाणी प्रामाणिकपणे नमूद केलं होतं की या घराण्यात घोडाचोर एकच झाला, तोही आईच्या बाजूचा. गुलसूनला ते कळलं. त्यानंतर आमच्या घरात जे बोललं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी ती मला एवढंच म्हणाली, "तुम्ही पोरीला रस्ता दाखवायला नेताय, का चुकवायला?" बाईच्या जातीला संशय फार. ती पानं बेर्मेतनं जपून ठेवली आणि पाठवलं मात्र तिच्या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या मास्तरांचं पत्र. अर्ज तिनंच भरला. मार्गदर्शनाचा असा अपमान आमच्या घरात झाला.

पुढं तिकडच्या प्राध्यापक बाईंचा निरोप आला की संगणकावरून भेटू, बोलू. आता मला सांगा, संगणकातून का होईना, बाई आपल्या घरात येणार. मग पाहुण्याला बसवायचं कुठं? दारासमोरच्या मानाच्या जागी, ते काय विचारायला हवं? मी तिथं रजयांची थप्पी रचली आणि संगणक तिच्यावर बसवला. पोर म्हणाली, "बाबा, टेबलावर ठेवा, सरळ दिसेल." मी म्हटलं, पाहुणी म्हणून आलेली बाई आणि तू, एका टेबलाला? ती लहान, तिची जागा दाराजवळ. तिथं बसवली. परिणाम असा झाला की बाईंना बराच वेळ आमचं छत आणि भिंतीवरचा गालिचा एवढंच दिसत होतं, आणि बेर्मेत लांबून ओरडून इंग्रजी बोलत होती. समोर दस्तरखान मांडलं होतं: तळलेले बोर्सोक, साय, मुरंबा, उकडलेलं मटण, आणि संगणकाच्या अगदी तोंडाशी कुमीसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, भरलेली वाटी. टोक्तोसुनआता पदकं लावून आले. त्यांनी पडद्याला सलाम ठोकला आणि त्यांना येणारं सगळं जर्मन एका दमात वापरलं: "हाल्ट!" बाई बिचाऱ्या बोलता बोलता थांबल्या.

मग बाईंनी तिला विचारलं की दूधच का. बेर्मेत बराच वेळ बोलली. मला त्यातलं 'टँकर' एवढं कळलं. बऱ्याच दिवसांनी, चहाच्या वाट्या उचलताना तिनं मला सांगितलं. वरच्या आळीचं दूध दुपारपर्यंत नासायचं आणि खालच्या आळीतल्या साकिनाचं संध्याकाळपर्यंत टिकायचं, कुरण तेच, ऊन तेच, टँकर तोच. तिनं मला विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं की वरच्या आळीला कोणाची तरी दृष्ट लागली असेल. तिला ते पटलं नव्हतं. तेव्हापासून ती प्रत्येक फेरीला माझ्याबरोबर त्यासाठी येत होती. बाइके, मला वाटायचं पोर बापाला सोबत म्हणून येते. हे ऐकून मला अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं की माणसानं कुठं बघायचं असतं कोण जाणे. मी वाट्यांकडे बघितलं.

तर भेट चालू होती. बाईंचं लक्ष कुमीसकडे गेलं. हे काय, कसं आंबवता, चामड्याच्या पिशवीत का, असं त्या विचारू लागल्या आणि दोघी अशा रंगल्या की छत, गालिचा सगळं विसरल्या. पाहुणीनं पेयाची चौकशी केली आणि वाटी जशीच्या तशी! माझ्यानं राहवेना. मी आग्रहानं वाटीत आणखी ओतलं. ते सांडलं आणि थेट संगणकाच्या पोटात गेलं. एक चर्र आवाज झाला आणि बाई गेल्या. आपल्या घरून पाहुणा उपाशी गेला नाही, एवढंच समाधान. बेर्मेत माझ्याशी कित्येक दिवस बोलली नाही. टँकरवरही आली नाही.

आणि तरी तिला घेतलं! शिष्यवृत्तीसकट घेतलं. आता श्रेय घ्यायला ही रांग. मिर्लाननं तिचा फोटो पाटीवर लावला आहे, टोपी फेकणाऱ्या पोरींच्या शेजारी, खाली लिहिलंय 'आमच्या मार्गदर्शनाचे फळ'. टोक्तोसुनआता म्हणतात, त्यांच्या एका शब्दानं काम झालं. जी माणसं सड मोजायला सांगत होती तीच आता पोरं घेऊन माझ्या दारात येतात की जुमाबेक, जरा मार्गदर्शन कर. मीही करतो. काय करणार, लोकांना नाही म्हणता येत नाही. मी त्यांना सांगतो की कुमीस ताजा असावा. बेर्मेत म्हणते कुमीसचा काही संबंध नाही, पण तिला अनुभव कमी.

असो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती निघते आहे. वहिनींना आदर, मुलांच्या कपाळाचं चुंबन, आणि तुमच्या ट्रामपुढं रस्ता सदा मोकळा राहो.

तुमचा धाकटा,
जुमाबेक

ता. क. तिचं विद्यापीठ तुमच्या शहरापासून लांब आहे हे मला माहीत आहे, तरी स्टेशनवर तिला घ्यायला जा. मी सांगितलं असं सांगू नका. ती म्हणते तिला रस्ता कळतो. कळतो हो, तीच तर पंचाईत आहे.

ता. क. दुसरा. ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते वर राहूनच गेलं. निघणाऱ्याला वडीलधाऱ्यांनी तळवे पसरून आशीर्वाद दिल्याशिवाय आपल्यात कोणी घर सोडत नाही, तुम्ही जाणताच. आतांनी दिला, गुलसूननं दिला, आळीतल्या प्रत्येक म्हातारीनं दिला. राहिलो मी. ती रोज चहा झाला की माझ्यासमोर जरा बसून राहते, आणि मला रोज टँकरचं काहीतरी काम आठवतं. माझे हात उचलत नाहीत, बाइके. तुम्ही माझ्याहून मोठे, बापाच्या जागी आहात. ती निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, फोन करा आणि तिकडूनच तिला आशीर्वाद देऊन टाका. तुमचा चालेल. गुलसूनला विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणून विचारलेलं नाही.

ता. क. तिसरा. पत्र पाकिटात घालताना बेर्मेत आली. इतका वेळ काय लिहिताय, म्हणून उभ्याउभ्या वाचून काढलं. हसली, कुमीसपाशी चिडली, आणि शेवटचा मजकूर तिनं पुन्हा वाचला. मग समोर बसली, माझे दोन्ही हात धरले, स्वतःच उताणे केले आणि मान खाली घालून वाट बघत राहिली. आता पळणार कुठं? दीर्घायुष्य, विद्या, मोकळा रस्ता, सगळं मला पाठ आहे, लोकांच्या पोरांना शंभरदा दिलं आहे. तोंडातून निघालं ते एवढंच: "लवकर परत ये." तिनं 'ओमीन' म्हणून तळवे तोंडावरून फिरवले. दारातून गुलसून म्हणाली, "अहो, हा आशीर्वाद झाला का? हे तर तुमचं मागणं झालं." ते खरं आहे. म्हणून शुक्रवारचा फोन विसरू नका. खरा आशीर्वाद तुम्हीच द्या.