मोजे बांधायचे राहिले

१६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे, खोकला गेला. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? भाचीला सांग, मामाला दाढी आलीय. शोभत नाही, पण आलीय.

तू तेरड्याचं विचारलंस. उगवला की! आईच्या डबीतल्या शेवटच्या बिया, जपून लाव म्हणाली होतीस, म्हणून मागच्या अंगणात भिंतीलगत हातभर माती आहे तिथं लावल्या. मग अक्कल पाजळली आणि भरपूर खत घातलं. रोपं नुसती माजली, फूल एक नाही. घरमालकीणबाई म्हणाल्या, "अरे, रानातलं झाड ते, त्याला कसले लाड?" सगळं खत उकरून काढलं. तेव्हा कुठे फुलं आली, आईच्या दारातल्यासारखीच, फिकट गुलाबी. शेजारच्या सायकलवाल्याचा कुत्रा ती खायला यायचा. तो कुत्रा म्हणजे एक नमुनाच आहे, एका डोळ्याने झोपतो आणि... जाऊ दे.

बोंडांचं सांगायचंय.

तू बजावलं होतंस, बोंड फुगलं की त्यावर जुना मोजा बांध, आई बांधायची तसा, नाहीतर नुसत्या वाऱ्यानेही फुटतं आणि बिया उडून जातात. मोजे धुऊन ठेवले होते गं. नऊ होते, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पण बोंडं अजून बारकी वाटली. तेवढ्यात ट्रकवाला दोस्त म्हणाला, "चल माझ्याबरोबर फेरीला, उद्या परत येऊ." म्हटलं, एका दिवसाने काय होतंय?

चार दिवस लागले.

आलो तर एकूण एक बोंड फुटून वळलेलं. आणि बाईंनी अंगण पाइपने धुऊन लख्ख केलेलं. "मला काय माहीत? सांगून जायचंस ना!" म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. मी कधी कुणाला सांगून गेलोय? गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी हेअरपिनने उकरल्या. दोन तासांत सात बिया. डबीभर निघाल्या असत्या, ताई! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

आता लिहितोच आहे तर तेही लिहितो. आईच्या शेवटच्या वेळी तुझा निरोप उशिरा मिळाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. तो वेळेवर मिळाला होता. खानावळवाल्याने हातात दिला होता. तेव्हाही मी हेच म्हणालो होतो, एका दिवसाने काय होतंय.

आणि तू चारचौघांत माझी बाजू घेत बसलीस.

बिया तुला पाठवत नाही, टपालात हरवल्या तर संपलंच. गोदामातलं काम पक्कं केलंय. या सात उगवून, फुलून, त्यांना बोंडं धरेपर्यंत इथून हलत नाही. मोजे खिळ्याला टांगलेत, येता-जाता दिसतील असे. तुला रागवायचं असेल तर पत्रातून नको. ये.

याच पत्त्यावर असलेला,
तुझा भटक्या