करुणाच्या नावापुढे

हिंगोली,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय करुणा,

नमस्कार. इथे जयभीम लिहावं का, यात थोडा वेळ गेला. बसमध्ये चढताना तू जयभीम म्हणतेस आणि मी नमस्कार म्हणते, हे तेरा वर्षं चालत आलं आहे. पत्रात एकदम बदललं तर ते तुला दाखवण्यासाठी केल्यासारखं होईल. म्हणून नमस्कारच.

घरी सगळे ठीक. थंडी पडल्यापासून यांचा गुडघा पुन्हा धरतो आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चालू आहे, अडतीस पुस्तकं सापडत नाहीत. ऐश्वर्याची परीक्षा संपली असेल. लेकीचे पेपर कसे गेले ते कळव. हिंगोलीतून हिंगोलीत पोस्टाने पत्र पाठवणं विचित्र आहे, पण फोनवर मी गोड बोलत राहते आणि मुद्दा तसाच राहतो.

आधी अंदमानचं सांगते. दिवाळीपूर्वी ठरली होती तीच सत्तावीस जानेवारी पक्की केली. झेंडावंदन करून दुसऱ्या दिवशी निघायचं, म्हणजे कुणाच्या साहेबाची कुरकुर नको. नांदेडहून सिकंदराबाद, तिथून चेन्नई, पुढे जहाज. येताना विमान. बारावीची परीक्षा आणि केशरताईंच्या शेतातली हळदीची काढणी, दोन्हीच्या आत परत. जहाजाचं वेळापत्रक अजून लागलेलं नाही, एखादा दिवस मागेपुढे झाला तर चेन्नईत थांबू. पोर्ट ब्लेअरला एका निवृत्त शिक्षकाच्या घरातल्या दोन खोल्या मिळत आहेत, स्वयंपाकघर वापरू देतात. हॉटेलपेक्षा ते कितीतरी स्वस्त. रेल्वेचं आरक्षण येत्या शुक्रवारी, २८ तारखेला सकाळी आठ वाजता उघडेल.

जहाजाची कल्पना तुझी होती. मिनाच्या मुलीने मोबाइलवर मालदीव दाखवलं होतं, पाण्यावर बांधलेल्या खोल्या. मिना म्हणाली, "तिथं एक रात झोपायचं म्हणलं तर माझा आख्खा तांडा इकावा लागंल." मग लक्षद्वीप निघालं, तिथे परवान्याची भानगड. मग तू म्हणालीस, "इमानात काय, ढगात बसवतेत अन् उतरवतेत. जहाजानं जाऊ. साध्या तिकिटात तीन दिवस समुद्र भेटतो." त्यावर केशरताईंनी विचारलं, "अन् मळमळलं तर डायव्हर थांबवतो का गं?" कळमनुरी येईपर्यंत आपण हसत होतो. उतरताना तुझी छत्री बसमध्ये राहिली. केशरताई मेमध्ये शाळेतून निवृत्त होतील, सकाळच्या बसमध्ये चौघींच्या तिघीच राहू, त्याआधी त्यांना समुद्र दाखवायचा, एवढ्यावरून हे सगळं निघालं होतं.

आता तुझं.

२ नोव्हेंबरला केशरताईंच्या घरी मी यादी वाचली. जहाजावरचं खाणं परवडेल की नाही, पचेल की नाही, म्हणून तीन दिवसांचा फराळ सोबत न्यायचं ठरलं होतं. केशरताई दशम्या आणि धपाटे करणार. मिनाकडे बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी. माझ्याकडे शंकरपाळे, मेथीच्या पुऱ्या, लोणचं. तुझ्या नावापुढे बिस्किटांचे पुडे, केळी, पाण्याच्या बाटल्या आणि औषधं.

तू म्हणालीस, "मला बी येती की भाकरी. तीळ लावून कडक केली तर आठ दिवस मोडत न्हाई."

केशरताई म्हणाल्या, "तू दवाखान्याची, तू गोळ्या घे. समदं तूच करशील तर आमी काय झोपायला येऊन राहिलो का?"

सगळ्या हसल्या. तूही हसलीस. मी यादीत बदल केला नाही. तू पिशवीतून चिठ्ठी काढून 'बिस्किटं' असं लिहून घेतलंस, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला: रजा मंजूर झाली नाही, तुम्ही जाऊन या. मग तू ग्रुपमधून बाहेर पडलीस, आणि आपली बस सोडून साडेसातच्या बसने जाऊ लागलीस. मी रोजनिशीत लिहिलं, 'करुणाची रजा नामंजूर. वाईट झालं.' चार दिवसांनी मिनाने सांगितलं की तुझी रजा दिवाळीआधीच मंजूर झाली होती, तो कागद तू तिला दाखवलाही होतास. आधीची ओळ मी खोडली नाही. खाली तारीख टाकून लिहिलं, 'रजा मंजूर होती.'

त्यानंतर जुन्या वह्या काढल्या. काय शोधते आहे, हे तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तुला माहीत आहे, कुठे जायचं असलं की यादी मीच करते आणि ती रोजनिशीत उतरवून ठेवते. २०१३ साली सिद्धेश्वर धरणावर गेलो, तेव्हा तुझ्याकडे संत्री होती. केशरताईंच्या शेतात हुरडा होता, तेव्हा कागदी ताटल्या. माझा मुलगा दहावी झाला, तेव्हा आइस्क्रीम. पुन्हा धरणावर, फरसाण. पुन्हा हुरडा, पुन्हा ताटल्या. सगळ्या मिळून नऊ याद्या सापडल्या, अक्षर माझं. नऊही वेळा तुझ्या नावापुढे दुकानातून आणायची वस्तू आहे. तुझ्या हातचं काही, एकदाही नाही.

मी स्वतःच्या बाजूनेही विचार केला. आमच्या घरी मांसाहार चालत नाही, तुझ्याकडे मटण शिजतं, म्हणून असेल. पण ते मिनाकडेही शिजतं आणि तिच्या नावापुढे दर वेळी लाडू आहेत. तुला ड्यूटीमुळे वेळ नसतो, म्हणून असेल. पण केशरताईंना शाळा आणि शेत दोन्ही आहे. घरच्यांना काय वाटेल, म्हणून असेल. पण जहाजावर घरचं कुणी येणार नव्हतं. एवढ्यावर माझी कारणं संपली.

तुझ्या घरी मी चहा घेते. तो किती वेळा घेतला, तेही मोजलं: चार. चहा घेतला त्या प्रत्येक दिवशी रोजनिशीत तशी नोंद आहे. केशरताईंकडे घेतलेल्या चहाची एकही नोंद नाही. दर १४ एप्रिलला ग्रंथालयात पुस्तकांचं प्रदर्शन मी लावते, प्रास्ताविक मीच करते. ते भाषण मला आता पाठ आहे.

मंगळवारी बसमध्ये मी हे दोघींना सांगितलं. केशरताई चिडल्या. "जात-बित कुणी मनात आणली का? तू उगं उकरून काढायलीस. इतके दिवस बराबर चाललं होतं की." मी म्हणाले, "बराबर कुणाचं चाललं होतं, ताई?" त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मिना मात्र म्हणाली, "मला दिसत होतं." मी विचारलं, "मग बोलली काहून न्हाईस?" ती म्हणाली, "माझ्या नावापुढं लाडू लिहिले, तवा मला बरं वाटलं होतं. म्हणून गप बसले." तेवढ्यात माझं उतरायचं ठिकाण आलं.

मिनाचं हे ऐकल्यावर माझीही एक नोंद तुला कळवणं भाग आहे. वह्या काढल्या त्या दिवशीच ती सापडली होती. दोघींना सांगितली नाही.

२१ फेब्रुवारी २०१९. सासूबाई तुझ्या वॉर्डात होत्या. नोंद आहे तशी उतरवते: 'सासूबाईंना सलाईन. ताप उतरला. करुणाने दुपारी डब्यात भाकरी आणि अंबाडीची भाजी आणली. उपास आहे म्हणाले. उपास नव्हता. सासूबाई झोपल्या होत्या.'

शेवटचं वाक्य मी का लिहिलं असेल, याचा विचार करते आहे. सासूबाईंमुळे मी नाही म्हणाले, असं पुढे कधी स्वतःला सांगता येऊ नये, म्हणून लिहिलं असावं. म्हणजे मी काय करते आहे, हे मला त्याच दिवशी कळत होतं. कळून मी वही मिटली, आणि त्यानंतरच्याही याद्या तशाच केल्या.

तो गुरुवार होता. माझा उपास सोमवारी असतो, हे तुला माहीत होतं. स्टुलावर पोह्यांची रिकामी प्लेट होती. ती तुला दिसली की नाही, ते मला माहीत नाही. तू फक्त "बरं" म्हणालीस आणि डबा उचलून नेलास. ड्यूटी संपवून जाताना परत आलीस, अर्धा डझन केळी घेऊन. "उपासाला चालतेत," म्हणालीस. ती मी खाल्ली.

मी तुझी माफी मागते. हे वाक्य लिहायला सोपं गेलं, म्हणून त्यावर माझा फारसा विश्वास नाही. तुझ्या घरी येऊन जेवावं, असंही मनात आलं होतं. पण जेवून आल्यावर मी ते रोजनिशीत लिहीन आणि लिहिलं की मला बरं वाटेल, हे आधीच दिसलं. तो बेत सोडला. हे पत्रसुद्धा तसंच आहे का, ते मला ठरवता येत नाही. ते न पाठवणं मात्र त्याहून वाईट, एवढं कळतं.

अंदमानच्या यादीची वही मी मिनाकडे दिली आहे. यापुढे यादी मी करणार नाही. तुझ्या नावापुढची जागा तिने कोरी ठेवली आहे. नाव राहू द्यायचं की काढायचं, ते तुझ्या हातात. शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी आरक्षणाला बसणार, म्हणून गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव. तू यावंस असं मला फार वाटतं. तुझ्याशिवाय त्या जहाजावर चढले तर तीन दिवस मी समुद्राकडे बघू शकेन असं वाटत नाही. पण हे माझं झालं, त्याचा भार तुझ्यावर नको. काही कळवलं नाहीस तर तीन नावं भरेन आणि पुन्हा विचारणार नाही.

पत्राच्या शेवटी मी नेहमी 'तुझीच' लिहिते. आज नुसतं नाव लिहिते.

शिवकन्या


कळमनुरी,
२६ नोव्हेंबर

शिवकन्या,

जयभीम.

पत्र काल घरी आलं. आज ड्यूटीवर आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. चिठ्ठी मिनाजवळ देते. ऐश्वर्याचे पेपर बरे गेले. तुझ्या मिस्टरांच्या गुडघ्याला शेक दे आणि परस्पर दुकानातून गोळ्या आणू नकोस.

प्लेट दिसली होती. गुरुवार आहे हेही माहीत होतं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण मला व्हरांड्यात म्हणाली, "सिस्टर, त्या बाईनं आत्ताच पोहे खाल्ले अन् तुमाला उपास सांगून राहिली." ती साऱ्या वॉर्डात सांगत सुटली असती. म्हणून तिच्या देखत तुला केळी आणून दिली. तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून. माझी भाकरी त्या पेशंटच्या बहिणीनं खाल्ली, भाजी पुन्हा मागून घेतली.

याद्या नऊ होत्या हे तुझ्या पत्रात वाचलं. मी काही लिहून ठेवत नाही. आइस्क्रीमची तेवढी आठवते. ते विरघळू नये म्हणून मी बस सोडून स्पेशल ऑटो केला होता, पिशवी बर्फात धरून बसले होते. आले तेव्हा तुम्ही सगळ्या जेवायला बसल्या होतात.

तू माझ्या घरी जेवायला आली नाहीस ते बरं केलंस. त्या दिवशी मी कसं वागायचं, ते मला कळलं नसतं.

माझं नाव भर. वय त्रेचाळीस. खालचा बर्थ केशरताईंना दे. जहाज मी सुचवलं होतं, ते मी बघणार. रजाही कधीचीच मंजूर आहे. ते खोटं माझं, ते मी कबूल करते. सकाळची साडेसातची बस मला बरी पडते, ती तशीच राहू दे.

मिनाला सांग, माझ्या नावापुढं काही लिहू नको. मी भाकरी आणणार आहे. तीळ लावलेल्या, कडक. कुणाला वाढणार नाही, घे म्हणणार नाही. ज्याला पाहिजे त्यानं मागायची.

मागितली तर देईन.

करुणा