साडूभाऊंची काडेपेटी आणि माझ्या माशांचे जंत

साडूभाऊंना सप्रेम नमस्कार,

मासे पाळणं मला कितीला पडलं याचा हिशोब आधी देतो: दिवाणखान्यातली सोफ्याची जागा, दुपारची झोप आणि औषधवाल्याकडची अब्रू. बाकी सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? (दुखत असला तर वाईट वाटेल, नसला तर थोडं जास्त वाटेल. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?)

'माझी टाकी तीन फुटी, म्हणून यांनी जळून चार फुटी आणली,' असं तुम्ही सासूबाईंना सांगत होतात, ते मी स्वयंपाकघराच्या दाराशी ऐकलं. खिळे-बिजागऱ्या विकून वर आलेल्या माणसाचे कान तिखट असतात. पण आहे ते खरंच. तुमच्या माशांपुढे सासूबाई तासभर बसतात आणि माझ्याकडे आल्या की टीव्ही लावा म्हणतात, हे कोण सहन करील? अखेर या रविवारी सगळं सासर माझी टाकी बघायला यायचं ठरलं, आणि नेमकी माशांची पोटं खपाटीला गेली. शेपटीखाली पांढरा दोरा लोंबायला लागला. ही म्हणाली, "पोटात जंत झालेत. भाऊजींना विचारा ना, त्यांना कळतं." ते 'त्यांना कळतं' ऐकलं आणि मी तडक औषधाचं दुकान गाठलं.

औषधवाल्यानं विचारलं, "पेशंटचं वजन किती?" मी टाकी, पाणी, मासे सगळं धरून तीनशे किलो सांगितलं.

"पैलवान आहेत का हो?"

"घरचेच आहेत," मी म्हटलं. त्यानं दिलेल्या सगळ्या गोळ्या कुटून टाकीत ओतल्या.

मग ऐटीत शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो, तर दुकानदार दुसऱ्याच गिऱ्हाइकाला सांगत होता (मी उगाच शंख-शिंपले निवडत उभा), "पाण्यात ओतून काय होतंय? औषध पोटात गेलं पाहिजे. आजारी मासा वेगळा काढा, लसणाच्या रसात औषध कालवून दाण्याला लावा." मी घरी धावलो. मोठा चपटा मासा (त्याला मी मनात सासरेबुवा म्हणतो, तसेच गाल फुगवून बघतो) उचलला खरा, पण ठेवायचा कशात? माझ्याकडे दुसरी काचेची पेटी एकच. नव्या घराला तुम्ही दिलेली, जिला मी चारचौघांत काडेपेटी म्हटलं होतं आणि दुकानात नेऊन जिच्यात बिजागऱ्या भरल्या होत्या. ती दुकानातून आणली, रिकामी केली, घासली. सासरेबुवांनी आधी दाणे थुंकले, मग मुकाट्यानं खाल्ले. तुमच्या पेटीत! आनंद झाला आणि पाठोपाठ रागही आला.

एकूण उपचार फत्ते. माझ्या चार फुटी टाकीत आज एकही जंत नाही, हे सासूबाईंच्या कानावर सहज म्हणून घाला.

तुमचा धाकटा साडू

ता. क. रविवारी मंडळींच्या तासभर आधी या. येताना तुमचे दहा-बारा मासे पिशवीतून आणा, रंगीत बघून. रात्री परत न्या. 'हे कुठून आणले' असं कुणी विचारलंच, तर तुम्ही पाणी प्यायला आत जा.

आणखी एक. टाकीतलं पाणी सगळं बदललंय, तुमच्या माशांना धोका नाही. सासरेबुवा तुमच्या काडेपेटीतच सुखात आहेत. मोठ्या टाकीत जंत नाही, तसा मासाही नाही.