दुप्पट नाही, दीडपट

बालाघाट, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८७

सुधा आज नागपूरहून घरी आली. ती काम करते त्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रातल्या मोठ्या मेनफ्रेम मशीनला दुसरा प्रोसेसर लावणार आहेत. काम दुप्पट होईल असं अहवालात लिही, हा साहेबांचा हुकूम. पोरीने लिहिलं, दीडपट. आता तिला नोकरीत कायम करायची फाइल त्याच साहेबांच्या टेबलावर आहे.

"काहून नाही दुप्पट?" मी विचारलं.

"बाबा, राइस मिलमध्ये धान सडायचे हलर दोन लावले अन् वजनकाटा एकच असला, तर काय होते? तसंच. दोन्ही प्रोसेसरले एकाच मेमरीतून माहिती घ्याव लागते. एक घेते, तवा दुसरा वाट पाह्यते."

"लिहून टाकायचं होतं दुप्पट. साहेब खुश."

"अन् त्या भरवशावर दुप्पट काम घेतलं असतं, तर जूनमध्ये पोरांचे निकाल अडकले असते. मंग शिव्या मशीनले."

दीडपट. जेवतानाही तोच शब्द डोक्यात. वीस वर्षं मी पेपरात लिहून साहेब लोकांची सालं काढतो आहे, बरी काढतो, पण टोपणनावाने. हिने खाली पूर्ण नाव लिहून सही ठोकली. हे माझ्याकडून तर नक्कीच शिकली नाही.

फाइल अडेल बहुतेक. अडू दे. उद्या शेजारच्या वकीलसाहेबांकडे पेपर मागायच्या निमित्ताने जाईन, आणि माझ्या पोरीने दीडपट लिहून खाली सही ठोकली, हे सांगूनच उठेन.