काथ्या आत येत नाही

३० नोव्हेंबर, रवि.

बांबू गेले, कनाती गेल्या, खुर्च्या उद्या जातील. गोडाऊनमध्ये उरलो मी, गडी दत्तू आणि आमचा कुत्रा काथ्या. मालकाला जागा डिसेंबरअखेर रिकामी हवी, टॉवर व्हायचाय. मांडवाचा धंदा बंद केल्याचं दुःख नाही. गुडघे म्हणतात बरं झालं.

दत्तू वेल्ह्याकडे गावी जाणार. प्रश्न काथ्याचा. घरी आणता येत नाही. सौ.चा दमा, त्यात नारायण पेठेतल्या दोन खोल्या. दत्तू म्हणाला, "नेतो की मी. पर आमच्याकडं बिबट्या हाय. कुत्री टिकत न्हाईत." पाणी कमी दाबाने येतं म्हणावं तशा सुरात.

खराडीला मंजूला फोन केला. पोरगी तयार. मागून जावईबापू हळूच, "लगेच हो म्हणू नकोस." लोकांना वाटतं, फोनवर मागचं ऐकू येत नाही. अर्धा धंदा मी मागचं ऐकून केला.

२ डिसें., मंगळ.

जावईबापूंचा, अनिकेतचा, स्वतःहून फोन. मुलगा सरळ आहे, आडून बोलत नाही. "बाबा, अकराव्या मजल्यावर तो रात्रभर भुंकला तर सोसायटी आधी आम्हाला काढेल. वीस तारखेला आम्ही पानशेतला कॅम्पिंगला चाललोय. तुम्ही दोघं या. एक रात्र तो आमच्याबरोबर टेंटमध्ये शांत झोपला, की माझ्याकडून हो."

वाजवी अट. मीही हीच घातली असती. सौ. म्हणते, मी थंडीत मरायला येणार नाही, तुम्ही आणि तुमचा कुत्रा जा.

सरावासाठी टेंट पाठवून देतोय. गंमत आहे. हजारो माणसांना कापडाखाली बसवलं, पण स्वतः झोपलो ते फक्त राखणीला.

५ डिसें., शुक्र.

टेंट आला. लोडाएवढी पिशवी. दत्तू आतबाहेर बघून म्हणाला, "ह्यात नवरदेव कुठं बसवायचा?"

गोडाऊनच्या अंगणात लावला. कापड पसरलं तेव्हा काथ्या त्यावर मस्त लोळला. उभा केला तर हा बाहेर. पुढच्या दोरीपाशी बसला, पाठ टेंटकडे, तोंड रस्त्याकडे. हाक मारली, शेपटी हलली. बाकी कुत्रा जागचा हलला नाही.

मटणाचं हाडूक आत ठेवलं. मान लांब करून, मागचे पाय बाहेर ठेवून उचललं आणि बाहेर नेऊन खाल्लं.

पिल्लू असल्यापासून कनातींच्या ढिगावर झोपलेलं जनावर. कापडाला कसं भिईल? दत्तू म्हणतो नायलॉनचा वास. सौ. म्हणते, त्याला तुमच्यापेक्षा अक्कल आहे. मला दोन्ही पटत नाही.

७ डिसें., रवि.

जागा बदलून बघावी म्हणून काथ्याला रिक्षाने घरी आणलं. टेंट गच्चीवर. सौ.ने घराचं दार लावून घेतलं.

तिसऱ्या मजल्यावरचे लेले कपडे वाळत घालायला आले. "अरे वा! कार्य कुणाचं? कुत्र्याचं?"

म्हटलं, "हो. आहेर आणू नये."

"जेवण आहे का?"

"तुम्हाला नाही."

स्लॅबमध्ये खुंटी कशी मारणार? दोऱ्या टाकीच्या पाइपाला बांधल्या. टेंटचं दार उघडलं आणि काथ्या सरळ आत! एक गोल चक्कर मारून पसरला. मी आत गेलो तर माझ्या पायावर हनुवटी. टेंटची चेन लावली, तरी हूं की चूं नाही. तासभर घोरला.

मग अंगणातच काय झालं होतं?

८ डिसें., सोम.

परत अंगण. परत बाहेर. तीच दोरी, तीच पाठ.

वास तोच, कापड तेच. गच्चीवर काय नव्हतं? माती नव्हती. रस्ता नव्हता. दत्तू नव्हता. दत्तूला चहाला पाठवलं. काही फरक नाही.

१० डिसें., बुध.

सापडलं!

आज नुसता बसून ऐकत होतो. टेंट पिशवीत, काथ्या गोडाऊनमध्ये पोत्यावर झोपलेला. दत्तू मागच्या बाजूला कुंपणाची जुनी लोखंडी मेख परत ठोकत होता. पहिला ठण्ण झाला. काथ्याने डोळे उघडले. दुसऱ्या ठोक्याला उठला आणि चालत दाराबाहेर जाऊन बसला. घाबरून नव्हे. ड्यूटीवर निघालेल्या माणसासारखा.

मीच शिकवलंय ते. पहिल्या वर्षी हा हडपसरच्या एका लग्नात मांडवात शिरला, थेट आचाऱ्याच्या जिलब्यांपाशी. वधूपित्याचा चेहरा अजून आठवतो. त्यानंतर प्रत्येक मांडवाला पहिली मेख ठोकली की मी म्हणायचो, "काथ्या, बाहेर." पुढेपुढे म्हणावं लागेना, मेखच सांगायची. सहा वर्षांत कुठल्याही मांडवात ह्याने पाय टाकला नाही. लोक कौतुक करायचे. मीही छाती फुगवायचो.

दत्तूला सांगितलं. तो म्हणाला, "मंग आता आत ये म्हनून शिकवा."

१४ डिसें., रवि.

चार दिवस झाले शिकवतोय. खुंटी ठोकायची, मग "ये, ये, आत ये". दोरीपर्यंत येतो. माझ्या तोंडाकडे बघतो. बसतो. त्याला वाटत असणार, म्हातारा परीक्षा घेतोय.

दिलेला हुकूम मागे कसा घ्यायचा, हे मला येत नाही. गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही कधी मागे घेतला नाही. सवयच नाही.

१७ डिसें., बुध.

युक्ती साधी आहे. खुंट्या ठोकायच्याच नाहीत. धरणाकाठी दगड भरपूर. दोऱ्या दगडांना बांधायच्या.

सौ.ला सांगितलं. "जावयाला फसवणार?"

"फसवतोय कुठे? त्याची अट झोपायची आहे, खुंटीची नाही."

"अहो, मग त्याला सांगा की आधी."

"नंतर सांगेन."

"नंतर म्हणजे कुत्रा खराडीला पोचल्यावर ना?"

ह्या बाईने धंदा केला असता तर आज माझी तीन गोडाऊन असती.

१९ डिसें., शुक्र.

उद्या सकाळी निघायचं. काथ्याचं सामान: चपात्या, उकडलेली अंडी, पाण्याचं भांडं, जुनी सतरंजी. माझं: स्वेटर, कानटोपी, गुडघ्याचं तेल. हातोडा आणि चार मेखा अनिकेतच्या गाडीच्या डिकीत टाकायच्या. लागणार नाहीत. पण मांडववाला हातोड्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

दत्तू निरोप घ्यायला आला होता. काथ्याशी बराच वेळ काहीतरी बोलला. एवढे माझे कान, पण ते मी ऐकलं नाही. मुद्दामच लांब गेलो.

२० डिसें., शनि. पानशेत

खुर्चीत बसून लिहितोय. उजेड जाईपर्यंत.

दुपारी पोचलो. अनिकेत खुंट्या काढायला लागला, म्हटलं, "राहू दे, जमीन कडक आहे. दगड आण." मुलाने निमूट आणले. टेंट उभा राहिला. काथ्या आत गेला, सतरंजीवर बसला. मंजूने सतरा फोटो काढले. अनिकेतने त्याच्या कानामागे खाजवलं, काथ्याने डोळे मिटले. म्हटलं, काम झालं.

पाचच्या सुमारास पाण्यावरून वारा सुटला. आधी कापड नुसतं फडफडत होतं. मग आवाज बदलला. जड, थांबून थांबून. तो आवाज मला झोपेतही कळतो. दगड सरकतोय. आणखी तासाभरात टेंट आडवा, आणि आत माझी पोरगी.

आणखी मोठे दगड लावता आले असते का? मनाला विचारून बघितलं. नाही. अशा वाऱ्याला मेखच लागते.

डिकी उघडली. पहिल्याच ठोक्याला काथ्या उठला. चौथी मेख होईपर्यंत बाहेर येऊन दोरीपाशी बसलेला, पाठ टेंटकडे.

अनिकेत बाहेर आला. "काय झालं बाबा? मस्त झोपला होता की."

सगळं सांगितलं. जिलब्या, बाहेर, गच्ची, दगडांची युक्तीसुद्धा. मंजू हसायला लागली. अनिकेत हसला नाही. काथ्यापुढे उकिडवा बसला.

"म्हणजे सहा वर्षं? कुणी बघत नसलं तरी?"

"हो."

"आणि आत्ताही तेच करतोय?"

"हो."

त्याने हाक मारून बघितली, "काथ्या, आत." काथ्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. जागचा हलला नाही.

मग अनिकेत आत गेला, आपली स्लीपिंग बॅग ओढत बाहेर आणली आणि दोरीच्या ह्या बाजूला पसरली, काथ्याच्या शेजारी. मंजू आतून ओरडली, "अरे, मग मी एकटीच आत का?"

खराडीचं त्याने काही काढलं नाही. मीही काढलं नाही. समोरचा मनात काहीतरी ठरवत असला, की मध्ये बोलायचं नसतं. सध्या तो उताणा पडून आभाळाकडे बघतोय, आणि काथ्याची शेपटी त्याच्या पोटावर आहे.