डबा कोणी ओतला, अण्णा?

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, खोटं कशाला सांगू? काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. फोटोला हार घातला, लोकांना जेवू घातलं, आईला सावरलं. आणि आज बसलेय तुमच्याशी भांडायला. जिवंतपणी कधी पुरतं भांडू दिलंत मला? "झालं का तुझं?" म्हणायचात आणि बॉनेटखाली डोकं घालायचात. आता घाला बघू!

काल सुलतान बाजारचे वकीलसाहेब आले होते. तेच, लाल गाडीवाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तुम्हारे हात से वो गलती हुई थी ना, उसके बादीच उस्ताद दीवार पे उसूल लिखवाए. गलती से भी अच्छाईच निकली." किती मायेनं बोलले हो! आणि मी काय केलं? मान खाली घातली आणि त्यांना चहा दिला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता माझ्या.

गॅरेजच्या भिंतीवरचं ते वाक्य कुणाचं आहे, अण्णा? बोला ना!

नव्या गाड्या नुकत्याच रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या तेव्हा. वकीलसाहेबांनी नवी कोरी गाडी कुकटपल्लीत आपल्याच गॅरेजला आणली, तुम्हाला कोण आनंद! गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलंत. "वाच गं सुनी. आपल्या घरात इंग्रजी वाचणारी तूच पहिली."

दोन दिवस बसून मी ते कॉलेजच्या वहीत मराठीत उतरवलं. नव्या इंजिनात फटी बारीक, तेल पातळच लागतं. गार इंजिन सुरू करताना जाड तेल वेळेत वर पोचत नाही, आणि झीज होते ती तेव्हाच. शेवटी लाल पेनानं लिहिलं, 'तेलात जे लागतं ते कारखान्यातच घातलेलं असतं. वरून काही घालू नये.'

तुम्ही पातळ तेलाचा थेंब अंगठ्यानं बोटावर चोळलात. "हे तेल आहे का पाणी?" म्हणालात आणि ट्रकमध्ये घालायचं ते जाड तेल ओतलंत. वर तेलात मिसळायच्या औषधाचा तो सोनेरी डबा! 'झीज बंद, इंजिन अमर' म्हणून दुकानदारानं गळ्यात मारलेला. एकानं समाधान होईना म्हणून दुसरा! बाळंतिणीला डिंकाचे लाडू चारावेत तसं चारत होतात त्या इंजिनाला. मी म्हटलं, "अण्णा, नका." तर म्हणे, "पुस्तकानं गाड्या चालत नसतात."

अहो, मग शिकवलंत कशाला? 'पोरगी शिकली पाहिजे' म्हणून अख्ख्या भावकीशी भांडलात, आणि शिकलेली पोरगी वाचून सांगते तर ऐकायचं नाही?

महिन्याभरात गाडी टोचन लावून परत आली. खालचं चेंबर उघडलं, तर तेल ओढायची जाळी काळ्या लगद्यानं गच्च बसलेली. तेल वर गेलंच नव्हतं. बेअरिंगं खलास, शाफ्टवर चरे. वकीलसाहेबांनी विचारलं, "उस्ताद, ये कैसा हुआ?"

आणि तुम्ही, माझ्याकडे न बघता म्हणालात, "बच्ची डाल दी साब. नासमझ है."

मी तिथंच उभी होते. हातात पाना होता.

दुसऱ्या दिवसापासून मला गॅरेज बंद. "गिऱ्हाइकं बोलतात" म्हणालात आणि टायपिंगच्या क्लासला घातलंत. आज ऑफिसात दिवसभर पत्रं बडवते, पण खाली रस्त्यावर एखादं इंजिन खडखडलं की कान तिकडेच. तुमचं नाव गेलं असतं तर घर बसलं असतं, हे मला कळत नाही का? कळतं. पण नंतर? नंतर सहा वर्षं होती तुमच्याकडे! तेवढ्या वर्षांत माझंच लाल पेनाचं वाक्य तेलगूत आणि हिंदीत भिंतीवर रंगवून घेतलंत, उस्तादाचा उसूल म्हणून!

काल लोक गेल्यावर किल्ली घेऊन गॅरेजमध्ये गेले. हत्यारांच्या कपाटात माझी वही सापडली. पानापानावर तुमचा काळा अंगठा. पुढच्या कोऱ्या पानांवर तुम्ही वाकड्या अक्षरांत प्रत्येक नव्या गाडीचं तेल लिहीत गेला होतात. आणि माझ्या लाल ओळीखाली पेन्सिलनं लिहिलं होतं, 'सुनी बरोबर होती. डबा मी ओतला.'

वहीला सांगितलंत! कपाटात कुलूप लावून ठेवलंत! मी रोज समोर बसून भाकरी वाढत होते, मला सांगायला जीभ का रेटली नाही?

रडले मी. खूप रडले. म्हणून राग गेला असं समजू नका.

उद्या रविवार. वही घेऊन सुलतान बाजारला जाणार आहे. वकीलसाहेबांना दोन्ही ओळी वाचून दाखवीन, माझी लाल आणि तुमची पेन्सिलची. तुमची इज्जत जाईल? जाऊ दे थोडी. माझी सहा वर्षं गेली, मी मेले का?

सोमवारी पेंटर येतोय. वाक्य तसंच राहील, खाली माझं नाव येईल. आणि मंगळवारी ऑफिसात राजीनामा देऊन शटर मीच वर करणार. तुमच्या गाड्यांना मी वरून काही घालणार नाही, अण्णा. आणि चूक झालीच माझ्या हातून, तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून सांगेन, मी ओतलं. हा शब्द आहे माझा.

तुमचीच नासमझ बच्ची,
सुनंदा