गोळी आत, मेथी ओट्यावर

प्रिय आई,

मेथी भरडायची छोटी चक्की, तिची पितळी चाळणी, वाळवणाची जाळीची पेटी आणि दारापुढच्या ओट्यावरचं तुझं बाकडं. चारही माझ्या हातची. चक्कीला मोटर जुन्या कूलरची. कुठल्या शाळेत शिकलो नाही, उघडून बघत शिकलो. चक्की मुद्दाम संथ ठेवलीय. पाती तापली की मेथीला जळका वास येतो. भरड रव्याएवढी, पिठाएवढी नाही. तूच बोटांत चोळून पास करायचीस ना?

आज लिहायला बसलो, कारण काल विजय नगरचा एक व्यापारी चक्की विकत मागायला आला, आणि वर तुझा फोटो.

"भिया, माताजी का फोटो दे दो. पैकेट पर छापेंगे. ऊपर लिखेंगे, गोली छोड़ो, मेथी लो!"

तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. अख्ख्या राजेंद्र नगरनं तुला रोज सकाळी ओट्यावर भिजवलेल्या मेथीचं पाणी पिताना पाहिलंय. तळाचे दाणे चावताना तोंड वाकडं करायचीस, तेही पाहिलंय. पण डायबिटीसची गोळी? ती तू आत, स्वयंपाकघरात, दाराआड घ्यायचीस. "लोकांसमोर गोळी घेतली की बाई आजारी दिसते, नंदू!"

एवढी कसली गं लाज? गोळीही ओट्यावरच घ्यायची होतीस!

लोकांनी ग्लास पाहिला आणि सगळं श्रेय ग्लासाला दिलं. तुझ्या सख्ख्या बहिणीनंसुद्धा. तू गेल्यावर मालूमावशीनं स्वतःच्या गोळ्या बंद केल्या आणि नुसती मेथी धरली. मेथी माझ्याच चक्कीची! गेल्या महिन्यात तिला चक्कर आली, तुझ्या बाकड्यावरच मटकन बसली. पलासियाला तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. साखर खूप चढलेली.

"ताई तर मेथीवरच ठणठणीत होती," मावशी भांडायलाच उठली.

"तुमच्या ताई एक गोळी चुकवत नव्हत्या," बाई म्हणाल्या. "मेथीनं साखर आटोक्यात राहायला थोडी मदत होऊ शकते. पण ती गोळीची जागा घेत नाही. आणि दोन्ही घ्यायचं तर मला सांगून. साखर फार उतरली तरी पंचाईतच."

रिक्षात बसल्यावर मावशी म्हणाली, "मला पण नाही सांगितलं रे तिनं? सगी बहन हूँ मैं!" आजारापेक्षा तेच तिला जास्त लागलं. मग स्वतःच हसली. "बड़ी चालू होती तुझी आई." मीही हसलो. रागावू नकोस.

आता मावशी गोळी ओट्यावर घेते, समोरच्या काकूंना दिसेल अशी. "ताई पण घ्यायची, बरं का," असं वर सांगते. साखर हळूहळू खाली येतेय. मेथी चालू आहे, बाईंना विचारून.

आई, शब्द देतो. माझ्या चक्कीतली मेथी कुणाच्या गोळीच्या बदली जाणार नाही. गिऱ्हाईकाच्या हातात पुडी देण्याआधी विचारीन, "गोळी घेतली?" आणि कुणी तुझं उदाहरण दिलं, तर तुझी दाराआडची गोळीही सांगीन. तुला आवडणार नाही, माहीत आहे.

व्यापाऱ्याला चहा पाजला आणि नाही म्हणून हात जोडले. चक्की, चाळणी आणि तुझा फोटो, सगळ्याचे मिळून तो तीन लाख रुपये देत होता.

तुझा,
नंदू